शून्य ते ऑटो: उघडणाऱ्या पॅनेलच्या उंचीचं प्रकरण

एक साधं पान धरू. जमिनीच्या कागदपत्रांबद्दलची १२ प्रश्नोत्तरं. 'सातबारा आणि आठ-अ यांत फरक काय?', 'फेरफार म्हणजे काय?' अशी शीर्षकं एकाखाली एक. शीर्षकावर टॅप केलं की खालचं उत्तर उलगडतं, पुन्हा टॅप केलं की मिटतं. फोनची रुंदी ३६० पिक्सेल, अक्षर १६ पिक्सेलचं, ओळीची उंची त्याच्या १.७ पट म्हणजे २७.२ पिक्सेल. एक मध्यम उत्तर ७ ओळींचं. वर-खाली १६-१६ पिक्सेल पॅडिंग (चौकटीच्या आतली मोकळी जागा) धरली तर त्याची उंची २२२.४ पिक्सेल. सगळ्यांत लांब उत्तर ३१ ओळींचं, ८७५.२ पिक्सेल. पुढचे सगळे हिशेब याच आकड्यांवर आहेत.

मागणी एका ओळीची: झटका नको, उत्तर अलगद उलगडू दे.

सीएसएस (पान कसं दिसावं ते सांगणारी भाषा) जाणणारा माणूस यावर तीन ओळी लिहितो. बंद असताना 'हाइट: ०' (उंची शून्य), उघडं असताना 'हाइट: ऑटो', आणि 'ट्रान्झिशन: हाइट ३०० मिलिसेकंद', म्हणजे उंची तेवढ्या वेळात हळूहळू बदलू दे. पान चालवून बघतो तर पॅनेल झटक्यानेच उघडतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) एरर नाही, लिहिण्यात चूक नाही, आणि तिथेच 'ऑटो'च्या जागी '२२२ पिक्सेल' लिहिलं की सगळं सुरळीत चालतं. वेबवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने या दगडाला ठेच खाल्लेली आहे, म्हणून हेच प्रकरण निवडलं. ॲनिमेशन करणं सोपं कशाने होतं आणि कशाने नुसतं सोपं भासतं, ते यात स्वच्छ दिसतं.

अडतं कुठे

ब्राउझर एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) काढताना ठरलेल्या क्रमाने जातो. आधी स्टाइल ठरते, म्हणजे कोणत्या एलिमेंटला (पानाच्या भागाला) कोणती व्हॅल्यू लागू ते. मग लेआउट होतो, म्हणजे प्रत्येक चौकट किती रुंद, किती उंच आणि कुठे. त्यानंतर रंगकाम, आणि शेवटी थर एकावर एक ठेवून पडद्यावर. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर या सगळ्याला १६.७ मिलिसेकंद मिळतात.

ट्रान्झिशनचा हिशेब पहिल्या पायरीवर होतो. सुरुवातीची व्हॅल्यू आणि शेवटची व्हॅल्यू घ्यायची, वेळेनुसार मधली काढायची. शून्य आणि २२२ यांच्या मधले आकडे काढता येतात. शून्य आणि 'ऑटो' यांच्या मधलं काय काढणार? 'ऑटो' हा आकडाच नाही. 'आतला मजकूर मांडून झाल्यावर जे निघेल ते' असा तो निरोप आहे, आणि मजकूर मांडला जातो दुसऱ्या पायरीवर. म्हणजे ज्या क्षणी शेवटची उंची हवी असते त्या क्षणी ती कोणालाच माहीत नसते. नियम असा की मधली व्हॅल्यू काढता येत नसेल तर ट्रान्झिशन सुरूच करायचं नाही. म्हणून झटका.

गंमत अशी की सीएसएसमधलं ट्रान्झिशन येण्याआधी हे काम सोपं होतं. २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीत (जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या संचात) 'स्लाइडटॉगल' एका ओळीत हेच करायचं, मुळात ठरलेल्या ४०० मिलिसेकंदांत. सफारीचं इंजिन असलेल्या वेबकिटवाल्यांनी २००७ मध्ये सीएसएसमधल्या ट्रान्झिशनची कल्पना मांडली आणि सफारी ३.१ मधून २००८ मध्ये ती लोकांच्या हाती आली. रंग, पारदर्शकता, जागा यांची ॲनिमेशनं त्याने एका ओळीवर आणली. उंचीचं मात्र मागे पडलं, ते २०२४ पर्यंत. मधल्या काळात जे तोडगे वापरले गेले ते एकेक करून उघडून बघण्यासारखे आहेत, कारण आजही बहुतेक चालू पानांवर तेच सापडतात.

मॅक्स-हाइटचा तोडगा

सगळ्यांत लाडका आणि सगळ्यांत फसवा. 'हाइट'ला हात न लावता 'मॅक्स-हाइट' (कमाल उंचीची मर्यादा) शून्यावरून एखाद्या दणदणीत आकड्यावर न्यायची, समजा १००० पिक्सेल. दोन्ही टोकं आकडे, त्यामुळे ट्रान्झिशन चालतं. डेमोत छान दिसतं.

आता ७ ओळींच्या उत्तरावर हिशेब करू. वेग एकसारखा धरला तर ३०० मिलिसेकंदांत १००० पिक्सेल. २२२ पिक्सेल गाठायला लागतात ६७ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम चार फ्रेम. उरलेले २३३ मिलिसेकंद मर्यादा हवेत वाढत राहते, पडद्यावर काहीच होत नाही. मिटताना उलटं: मर्यादा १००० वरून २२२ वर येईपर्यंतचे २३३ मिलिसेकंद पॅनेल ढिम्म, आणि मग ६७ मिलिसेकंदांत फट्‌कन बंद. वापरणाऱ्याला वाटतं टॅप लागलाच नाही, तो पुन्हा टॅप करतो, पॅनेल पुन्हा उघडतं. 'फोन हँग होतोय' अशी तक्रार येते ती इथून. कोडात कितीही शोधा, हळू चालणारं काही सापडत नाही, कारण काही हळू चालतच नसतं.

दुसरं दुखणं याहून वाईट. ३१ ओळींचं उत्तर ८७५ पिक्सेलचं, १००० च्या आत बसतं. पण वापरणाऱ्याने अक्षर सव्वापट केलं तर? अक्षर २० पिक्सेल, ओळ ३४ पिक्सेल, आणि एका ओळीत मावणारी अक्षरं कमी झाल्याने ३१ च्या साधारण ३९ ओळी. पॅडिंग धरून १३५८ पिक्सेल. १००० च्या पलीकडचे ३५८ पिक्सेल, म्हणजे शेवटच्या दहाएक ओळी, गायब. स्क्रोलही होत नाही, कारण 'ओव्हरफ्लो: हिडन', म्हणजे चौकटीबाहेरचं लपवा. अक्षर मोठं करणारा माणूस म्हणजे बहुधा ज्याला ते पान नीट वाचायची सगळ्यांत जास्त गरज आहे तोच. इंग्रजी मजकुरावर बेतलेला आकडा तसाच मराठीला लावला तरी हेच होतं: मात्रा, रफार आणि उकारांना जागा लागते म्हणून देवनागरीची ओळ उंच ठेवावी लागते आणि तेवढ्याच ओळी जास्त उंची खातात. मग कोणीतरी १००० चे ५००० करतं. कापाकापी थांबते आणि मिटतानाचा ढिम्मपणा वाढून २८७ मिलिसेकंदांवर जातो. या तोडग्यात बरोबर आकडा नसतोच.

मोजून करायचं

शहाणे लोक स्क्रिप्टने मोजतात. 'स्क्रोलहाइट' वाचली की आतल्या मजकुराची पूर्ण उंची कळते. ती पिक्सेलमध्ये 'हाइट'ला द्यायची, ट्रान्झिशन संपलं की पुन्हा 'ऑटो' करायचं. मिटताना आधी 'ऑटो'च्या जागी सध्याची उंची पिक्सेलमध्ये लिहायची आणि मग शून्य.

सांगायला चार वाक्यं. प्रत्यक्षात तीसेक ओळी होतात आणि त्यातल्या बऱ्याच ओळी कुठल्या ना कुठल्या बगवरची पट्टी असतात.

मिटताना २२२ आणि लगेच शून्य लिहिलं तर ब्राउझर दोन्ही बदल एकत्र करतो; त्याच्या लेखी 'ऑटो'वरून थेट शून्य झालं, म्हणजे पुन्हा झटका. दोन ओळींच्या मध्ये 'ऑफसेटहाइट' उगाचच वाचावी लागते, जेणेकरून ब्राउझरला मध्येच लेआउट करणं भाग पडेल. ही ओळ बघून नवीन माणूस 'याचा उपयोग काय' म्हणून काढून टाकतो आणि ॲनिमेशन बंद पडतं. तिच्यावर कॉमेंट हवीच.

ट्रान्झिशन संपलं असं कळवणाऱ्या 'ट्रान्झिशनएंड' या इव्हेंटवर विसंबणं त्याहून धोक्याचं. कालावधी शून्य असेल, सुरुवात आणि शेवट सारखेच असतील किंवा एलिमेंट मध्येच 'डिस्प्ले: नन' (पानावरून पूर्ण नाहीसं) झालं तर हा इव्हेंट येतच नाही. पॅनेल २२२ पिक्सेलवर गोठून राहतं, फोन आडवा केला की मजकूर कापला जातो किंवा खाली रिकामी जागा उरते. उलट बाजूने, हा इव्हेंट आतून वर येतो: उत्तरातल्या लिंकचा रंग १५० मिलिसेकंदांत बदलला तरी तो पॅनेलपर्यंत पोहोचतो आणि उंची अर्ध्या वाटेवर असतानाच 'ऑटो' होते. म्हणून इव्हेंट कोणाचा आणि प्रॉपर्टी कोणती, दोन्ही तपासायचं.

बारीक गोष्ट: 'स्क्रोलहाइट' पूर्णांकात मिळते. खरी उंची २२२.४, मिळाली २२२. शेवटी 'ऑटो' होताना ०.४ पिक्सेलची उडी. खालचा मजकूर शेवटच्या क्षणी किंचित थरथरतो ते यामुळे. उडी मोठी, चांगली १६ पिक्सेलची असेल, तर कारण वेगळं. 'ओव्हरफ्लो: हिडन' असेपर्यंत पहिल्या परिच्छेदाचा वरचा मार्जिन (चौकटीबाहेरची मोकळी जागा) पॅनेलच्या आत अडकलेला असतो, ॲनिमेशन संपल्यावर कोडने ओव्हरफ्लो काढून टाकला की तो मार्जिन बाहेर निसटून शेजारच्यात मिसळतो. जेक्वेरीच्या काळापासूनचा हा रोग. उपाय एवढाच की आत मार्जिनऐवजी पॅडिंग वापरा, किंवा आतल्या चौकटीला 'डिस्प्ले: फ्लो-रूट' द्या.

मोजूनच करायचं असेल तर आज निदान वेब ॲनिमेशन्सची 'ॲनिमेट' ही पद्धत वापरावी. शून्यापासून मोजलेल्या उंचीपर्यंत ॲनिमेशन चालवायचं, आणि मूळ स्टाइलमध्ये 'ऑटो' तसंच ठेवायचं. ॲनिमेशन संपलं की त्याचा ताबा सुटतो आणि एलिमेंट आपोआप मूळ स्टाइलवर येतं; इव्हेंटची वाट बघणं, मागून साफसफाई करणं संपतं. मध्येच पुन्हा टॅप झाला तर 'रिव्हर्स' म्हणायचं. तरीही मोजलेली उंची त्या क्षणापुरतीच खरी. अर्ध्या वाटेत चित्र लोड झालं की आकडा खोटा.

चौकट ताणून बघणं

'हाइट ॲनिमेट करू नका, फक्त ट्रान्सफॉर्म (सरकवणं, ताणणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) करा' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. कारण खरं आहे: उंची बदलली की प्रत्येक फ्रेमला लेआउट, ट्रान्सफॉर्मला मात्र शेवटची थर मांडण्याचीच पायरी पुरते. पण 'स्केल'ने पॅनेल उघडायचं तर आतली अक्षरं चेपतात. बाहेरची चौकट ०.२ असताना आतल्या मजकुराला उलटा ५ लावावा लागतो, ०.१ असताना १०. आणि वेगाच्या वक्ररेषेचा (हालचाल कधी जलद, कधी मंद ते ठरवणाऱ्या) व्यस्त घेतला की तो नेहमीच्या वक्ररेषेत बसत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याचे आकडे आधी काढून कीफ्रेममध्ये भरावे लागतात. खालची ११ शीर्षकं तरीही जागची हलत नाहीत. त्यांच्यासाठी पॉल लुईस यांनी २०१५ मध्ये फ्लिप या नावाने मांडलेली रीत वेगळी वापरायची: आधीची जागा मोजा, नंतरची मोजा, फरकाएवढं मागे ढकला आणि सोडून द्या.

एवढा खटाटोप १२ प्रश्नांच्या पानासाठी अनाठायी आहे. साध्या मजकुराच्या पानावर उंची बदलताना रुंदी तीच राहते, ओळी नव्याने तोडाव्या लागत नाहीत, लेआउट हलका असतो. शंका असेल तर अंदाज बांधत बसू नये. डेव्हटूल्सच्या (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांच्या) परफॉर्मन्स पॅनेलमध्ये सीपीयू चारपट मंद करून रेकॉर्ड करा. एका फ्रेमचं काम १६.७ मिलिसेकंदांच्या आत राहिलं की विषय संपला. पानाखाली नकाशा किंवा दोनेकशे ओळींचा तक्ता असेल तर मात्र गणित बदलतं.

ग्रिडची युक्ती

आज सगळीकडे चालणारा आणि मोजमाप न लागणारा मार्ग हा. पॅनेलला 'डिस्प्ले: ग्रिड' (आडव्या-उभ्या रांगांची मांडणी) द्यायचं आणि 'ग्रिड-टेम्प्लेट-रोज' '०एफआर'वरून '१एफआर'वर न्यायचं. फायरफॉक्समध्ये हे ॲनिमेशन २०१९ पासून, सफारी १६ आणि क्रोम १०७ मध्ये २०२२ पासून चालतं.

चालतं कसं, ते बघण्यासारखं आहे. 'एफआर' म्हणजे मोकळ्या जागेतला वाटा. पण ग्रिडची उंची आपण ठरवून दिलेलीच नाही, त्यामुळे ब्राउझर '१एफआर' म्हणजे आतल्या मजकुराची पूर्ण उंची असं धरतो. वाटे एकाहून कमी असले तर तेवढाच भाग देतो. म्हणजे '०.४एफआर' म्हणजे २२२.४ चे ४० टक्के, ८८.९६ पिक्सेल. मुख्य मेख इथे आहे. स्टाइलच्या पायरीवर मधली व्हॅल्यू म्हणून '८९ पिक्सेल' ठरत नाही. 'जी काही उंची निघेल तिचे ४० टक्के' एवढंच ठरतं आणि ते तसंच पुढे लेआउटकडे जातं. उंची ज्याला ठाऊक आहे तोच गुणाकार करतो. अर्ध्या वाटेत चित्र लोड झालं, फोन आडवा झाला, अक्षर मोठं झालं, तरी पुढच्या फ्रेमचा ४५ टक्के नव्या उंचीचा.

बांधणी तीन थरांची लागते आणि बहुतेक चुका इथेच होतात. बाहेरचा थर ग्रिड. मधल्या थरावर 'मिन-हाइट: ०' (किमान उंची शून्य) आणि 'ओव्हरफ्लो: क्लिप' (चौकटीबाहेरचं कापा). पॅडिंग सगळ्यांत आतल्या थरावर. पॅडिंग मधल्या थरावर ठेवली तर '०एफआर'लाही १६ अधिक १६ अशी ३२ पिक्सेलची पट्टी उघडीच राहते. पॅडिंग 'बॉर्डर-बॉक्स'नेही शून्य होत नाही. 'मिन-हाइट: ०' विसरलात आणि 'क्लिप' वापरलंत तर पॅनेल मिटतच नाही, कारण ग्रिडमधली गोष्ट मुळात आपल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तयार नसते. 'हिडन' असेल तर ती सूट आपोआप मिळते, 'क्लिप'ला मिळत नाही. मग 'हिडन'च का नको? कारण 'हिडन' असलेली चौकट आतून स्क्रोल होऊ शकते. उघडत असताना कोणी टॅब दाबून आतल्या लिंकवर गेलं की ब्राउझर ती लिंक दाखवायला मजकूर वर सरकवतो, आणि उघडल्यावर पहिल्या दोन ओळी गायब दिसतात. 'क्लिप' जागचं हलत नाही.

कापण्यावरून आणखी एक, देवनागरीपुरतं. मजकुराची ओळ १.७ ची असेल तर प्रश्न नाही. पण उत्तरात पहिलीच ओळ ठळक उपशीर्षकाची असेल, तिला १.२ ची ओळ दिली असेल आणि वर पॅडिंग नसेल, तर 'तर्कीं'सारख्या शब्दावरचा रफार, वेलांटी आणि अनुस्वार ओळीच्या चौकटीबाहेर डोकावतात आणि कापले जातात. खाली 'कृ', 'द्धृ' यांचे पाय तसेच. रोमन अक्षरांवर चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. वर-खाली किमान ४ पिक्सेल पॅडिंग ठेवली की पुरतं.

मिटलेलं पॅनेल दिसत नाही म्हणजे ते नाही असं नव्हे. शून्य उंचीच्या पॅनेलमधल्या लिंकवर टॅबने जाता येतं, स्क्रीन रीडर (पान वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) सगळी १२ उत्तरं वाचत सुटतो. म्हणून मधल्या थराला मिटल्यावर 'व्हिजिबिलिटी: हिडन' द्यायचं आणि ट्रान्झिशनच्या यादीत 'व्हिजिबिलिटी'ही घालायची. या प्रॉपर्टीला मधली व्हॅल्यू नसली तरी तिच्यासाठी खास नियम आहे: उघडताना ती पहिल्या क्षणीच दिसती होते, मिटताना शेवटच्या क्षणी लपते. हवं तेच.

स्क्रिप्टला आता एकच काम उरतं: बटणावरचं 'एरिया-एक्स्पांडेड' (पॅनेल उघडं की मिटलेलं ही स्क्रीन रीडरसाठीची खूण) 'ट्रू'चं 'फॉल्स' आणि 'फॉल्स'चं 'ट्रू' करणं. स्टाइल त्याच खुणेवर टांगायची. वेगळा 'ओपन' क्लास ठेवला की कधीतरी दोघांची फारकत होते आणि स्क्रीन रीडर मिटलेल्या पॅनेलला उघडं म्हणतो.

२०२४ नंतर

सप्टेंबर २०२४ मध्ये क्रोम १२९ सोबत 'इंटरपोलेट-साइज' ही प्रॉपर्टी आली. पानाच्या मुळाशी, 'रूट'वर, 'इंटरपोलेट-साइज: अलाउ-कीवर्ड्स' एवढं लिहिलं की सुरुवातीच्या त्या तीन भोळ्या ओळी जशाच्या तशा चालतात. आतली यंत्रणा ग्रिडच्याच जातीची: मधली व्हॅल्यू 'कॅल्क-साइज' या रूपात, 'ऑटोच्या ४० टक्के' अशी, लेआउटपर्यंत नेली जाते. मर्यादा एक, दोन टोकांपैकी एक टोक आकडा हवा. 'ऑटो'वरून 'मिन-कंटेंट'वर जाता येत नाही.

हे आपोआप चालू का केलं नाही? कारण शून्यावरून 'ऑटो'वर जाणारी आणि ट्रान्झिशन लिहिलेली, पण झटक्यानेच उघडतात म्हणून कोणाच्या लक्षात न आलेली असंख्य पानं वेबवर पडून आहेत. नियम बदलला असता तर ती एका रात्रीत हलायला लागली असती. म्हणून मालकाने स्वतः परवानगी द्यायची. ती वारसाने खाली उतरते, त्यामुळे जुन्या पानावर थेट 'रूट'वर न लावता आधी एका भागावर लावून बघावी.

सोबत 'डिटेल्स' आणि 'समरी' हे मुळातच उघडझाप करणारे टॅग घेतले तर स्क्रिप्टच लागत नाही. क्रोम १३१ पासून 'डिटेल्स-कंटेंट' हा आतला भाग स्टाइल करता येतो. त्याची उंची शून्य, 'ओपन' असताना 'ऑटो', ओव्हरफ्लो 'क्लिप', आणि ट्रान्झिशनमध्ये उंचीसोबत मिटलेला मजकूर लपवणारी 'कंटेंट-व्हिजिबिलिटी'. तिला 'अलाउ-डिस्क्रीट' जोडायचं. हे शेवटचं विसरलं तर उघडणं नीट होतं, मिटताना मात्र मजकूर पहिल्याच फ्रेमला नाहीसा होतो आणि रिकामी चौकट हळूहळू बंद होत बसते. 'इंटरपोलेट-साइज' नसलेल्या ब्राउझरमध्ये पॅनेल झटक्याने उघडतं, पण उघडतं. आमच्या मते या पानासाठी एवढं पुरेसं आहे. ॲनिमेशन सगळीकडे दिसलंच पाहिजे असा आग्रह असेल तर ग्रिड.

आकडे

उघडायला २५० मिलिसेकंद, मिटायला १८०. मिटताना माणसाचं त्या उत्तराशी काम संपलेलं असतं, त्याला थांबवून ठेवू नये. दोन वेगळे कालावधी देताना गल्लत होते: उघड्या अवस्थेच्या नियमात लिहिलेला कालावधी उघडताना लागू होतो, मिटलेल्या अवस्थेतला मिटताना. ज्या अवस्थेत जायचंय तिचा. वक्ररेषा पटकन वेग घेणारी आणि शेवटी मंद होत जाणारी, म्हणजे 'क्युबिक-बेझियर'मध्ये ०.२, ०, ०, १.

२५० मिलिसेकंद म्हणजे १५ फ्रेम. ७ ओळींचं पॅनेल फ्रेममागे सरासरी १५ पिक्सेल चालतं, ३१ ओळींचं ५८. ५८ म्हणजे एका फ्रेममध्ये दोन ओळींहून जास्त, तिथे अलगद वगैरे काही वाटत नाही. म्हणून कालावधी वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, एवढं लांब उत्तर फोनच्या पडद्याबाहेरच उलगडत असतं, ते कोणी बघत नाही. उत्तर तोडून लहान करता आलं तर बघा.

उघडणारं पॅनेल मध्येच मिटवलं तर ट्रान्झिशन स्वतःच कालावधी त्या प्रमाणात कमी करतं. तिसरा हिस्सा उघडलं असेल तर परतीला मिटण्याच्या कालावधीचाही तिसराच हिस्सा. स्क्रिप्टने केलेल्या ॲनिमेशनमध्ये हे हाताने लिहावं लागायचं आणि सहसा राहून जायचं. जेक्वेरीत तर टॅप रांगेत साचायचे: पाचदा टॅप केलं की बोट काढल्यावरही पॅनेल उघडझाप करत राहायचं.

हलणाऱ्या पडद्याने ज्यांना भोवळ येते त्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू केलेली असते. 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन' असेल तर ट्रान्झिशन काढून टाका. जुना मोजणारा कोड अजून पानावर असेल तर मात्र शून्य करू नका, ०.०१ मिलिसेकंद द्या. नाहीतर 'ट्रान्झिशनएंड' येणार नाही आणि पॅनेल गोठेल.

सोडण्याआधी

डेव्हटूल्सच्या ॲनिमेशन्स पॅनेलमध्ये वेग १० टक्क्यांवर आणा आणि पहिल्या-शेवटच्या फ्रेमकडे बघा. उडी असेल तर तिथेच दिसते. पटापट पाच टॅप. अक्षर दुप्पट. अर्ध्या वाटेत फोन आडवा. नुसत्या टॅबने पान वरून खाली. हालचाल कमी करण्याची सेटिंग रेंडरिंग पॅनेलमधून खोटी चालू करून एक फेरी.

'एक उघडलं की बाकीची मिटावीत' अशी मागणी येते. 'डिटेल्स'च्या गटाला एकच 'नेम' दिलं की हे फुकट मिळतं. तरी नको म्हणावं. वरचं ८७५ पिक्सेलचं उत्तर मिटत असताना खालचं उघडलं की ज्या शीर्षकावर बोट होतं तेच पडद्याबाहेर वर निघून जातं, आणि सातबारा आणि आठ-अ शेजारी ठेवून ताडून बघायची सोयही जाते.

शेवटची फेरी प्रिंटची, आणि ती हमखास विसरली जाते. असं पान कागदावर काढून कचेरीत घेऊन जाणारे लोक असतात. त्यांच्या हाती १२ शीर्षकं आणि एकही उत्तर नसलेला कागद येतो. ग्रिडच्या बांधणीत प्रिंटच्या स्टाइलमध्ये '१एफआर' आणि 'व्हिजिबिलिटी: व्हिजिबल' लिहावं. 'डिटेल्स' असतील तर 'बिफोरप्रिंट' इव्हेंटला सगळ्यांवर 'ओपन' लावावं आणि 'आफ्टरप्रिंट'ला, आधी मिटलेली होती तेवढीच, परत मिटवावी. गटाला 'नेम' दिलेलं असेल तर इथे तेही आधी काढावं लागतं. नाहीतर दुसरं उघडताच पहिलं मिटतं आणि कागदावर फक्त बारावं उत्तर येतं.